हिरवा चुडा आणि दोर

आमचा हनिमून चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ठरला. दोघांच्याही कंपन्या तिकडेच. लग्न ठरल्यापासून मी त्याच्या गाडीतून घरी यायचे, आणि कंटेनरच्या रांगेत गाडी जागची हलायची नाही. मग आम्ही मोबाइलवर इटलीतले डोंगर काढून बसायचो. कुठला कडा, कुठला वाटाड्या, राहायचं कुठे. कडे चढणं हा माझा कॉलेजपासूनचा नाद. तो लिफ्ट बंद असली तर खालीच थांबणाऱ्यांतला. पण माझ्यासाठी दर रविवारी शहरातल्या सरावाच्या भिंतीवर येऊन खालून दोर धरायला शिकला. मी वरून "ढील दे" म्हटलं की ढील, "घट्ट" म्हटलं की घट्ट. तेवढ्यावर मी भाळले, खोटं कशाला सांगू. मी चढणार आणि तो दोर धरणार, असं ठरलं होतं.

लग्न झालं. पुनावळ्यातलं त्याचं घर जुन्या शेतकऱ्यांचं. शेतावर आता टॉवर उभे आहेत, रीतीभाती मात्र जिथल्या तिथे. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता मी चुडा उतरवायला बसले. हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या घालून खडक धरता येत नाही, हे मला इतकं उघड वाटत होतं की कुणाला विचारायचंही सुचलं नाही. सासूबाई दारातच थांबल्या.

"चुडा उतरवीत न्हाईत, सूनबाई. देवाला जाऊन येस्तवर तर न्हाईच. आपसूक वाढंल तवा वाढंल."

वाढंल म्हणजे फुटेल. आमच्याकडे सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. फुटली हा शब्द चुकून तोंडातून गेला तर घरातल्या बायका एकमेकींकडे बघतात.

"आई, आल्यावर पुन्हा भरते की," मी म्हटलं. "चढताना काच हातात घुसेल."

"मग चढू नगंस," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "फिराय चाललाय न्हवं दोघं? फिरा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅगेच्या चेनशी खटपट करत होता. त्या चेनला काहीही झालेलं नव्हतं.

"डोंगर कुठं पळून जातायत?" मान वर न करता तो म्हणाला. "पुढच्या वेळी चढ."

मला त्याचा इतका राग आला की रडूसुद्धा येईना. भिंतीखाली माझ्या एका शब्दावर दोर आवळणाऱ्या माणसानं घरात तो सरळ सोडून दिला होता.

इटलीत पोचलो तर वाटाड्याचं बुकिंग तसंच होतं. रद्द करायचं यानं टाळलेलं.

"फुकट कशाला घालवायचं? मी चढून बघतो," तो म्हणाला. "तू धर दोर. तुला येतंच."

गंमत बघा, दोर धरताना चुडा कुणालाच नडला नाही. वाटाड्यानं वरून दोर लावून दिला आणि मी हिरवे हात घेऊन माझ्याच कड्याखाली उभी राहिले. नवरा थोडासा चढला आणि पालीसारखा चिकटून बसला.

"घट्ट धर गं, घट्ट," तो वरून ओरडत होता.

मनात काय काय आलं ते लिहीत नाही, पण दोर धरला. त्याचा पाय सुटला, दोर एकदम ताणला गेला आणि मनगटाजवळची बांगडी गेली. काच रुतून थोडं रक्त आलं. मी दोर सोडला नाही.

खाली आल्यावर त्यानं आधी आपला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मग त्याचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

"अगं, बांगडी वाढली वाटतं," तो आईच्याच सुरात म्हणाला.

"फुटली," मी म्हणाले.