बाही सोडायची नाही

पन्नाशी उलटल्यावर माझी ताई मारामारी शिकायला निघाली, तेव्हा सगळ्यात आधी माझी गाडी कामाला लागली. ताईला गाडी चालवता येत नाही आणि मला तिला नाही म्हणता येत नाही, हे लहानपणापासून असंच चालत आलंय.

कारण घरातलंच होतं. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, कंपवात झाला होता. उजवा हात सदा थरथरायचा, आवाज खोल गेलेला, आणि चालता चालता पाय मधेच जमिनीला चिकटायचे. पाय थांबायचे, वरचे भाऊजी मात्र पुढे जायचे. ते अंगापिंडाने दणकट, ताई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी. मागच्या वेळी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले, ताई सावरायला गेली, दोघंही आडवी झाली आणि भाऊजींचं मनगट मोडलं. भाची धावत आली. तिने सगळं निस्तरलं आणि जाताना स्पष्ट सांगितलं, "आई, आता परत बाबा पडले की त्यांना शुश्रूषागृहात ठेवायचं. तिथे धरायला माणसं असतात. तुझ्याच्याने हे होत नाही." पोरीचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच ताईला ते फार लागलं.

ताई पडदे शिवते. कुठलंही कापड घ्यायचं तर आधी उलटं करून बघते, मग दुकानदार कितीही तोंड वाकडं करो. मारामारीचा प्रकारही तिने तसाच निवडायला घेतला.

पहिला कराटेचा वर्ग. एका जुन्या गोदामात पोरं हवेला ठोसे मारत होती आणि प्रत्येक ठोशाला ओरडत होती. तिथल्या सरांनी आदराने विचारलं, "काकू, तुम्हाला नेमका कोणापासून बचाव करायचाय?"

"कोणापासून काय? घरी नवरा आहे ना," ताई म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी भाऊ असून काय कामाचा, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पोलिसांत आपली ओळख आहे, असंही हळूच सांगितलं. गैरसमज दूर करेपर्यंत माझा घसा कोरडा पडला, पण पाणी फक्त ताईला मिळालं होतं. खरं काय ते कळल्यावर सर म्हणाले, "आमच्याकडे मारायलाच शिकवतात हो." माणूस प्रामाणिक होता.

किकबॉक्सिंगच्या वर्गात गाण्यांचा एवढा दणदणाट होता, की ताईने दारातूनच मान हलवली. मग बागेतला तो संथ चिनी प्रकार. तिथली म्हातारी माणसं हात वर न्यायची ते खाली आणायची घाई अजिबात करत नव्हती. मला आवडला. ताई म्हणाली, "या लोकांचा हात खाली येईपर्यंत आमचे हे दोनदा पडून उठतील."

शेवटी ज्युदो. शिकवणाऱ्या बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. दिवसभर गाईघोडे आवरून संध्याकाळी माणसं आवरायच्या. ताईने विचारलं, "समोरच्याला न लागता खाली कसं न्यायचं, हे शिकवता का?"

"तेच तर शिकवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाडणं कोणालाही जमतं. समोरचा जमिनीला टेकेपर्यंत त्याची बाही सोडायची नाही, यातच सगळं आलं. पण त्याने हाताने थोपटलं, की त्याच क्षणी सोडायचं. का, कशाला, विचारत बसायचं नाही."

ताईने तिथला जाडजूड अंगरखा उलटा केला, शिवण ओढून पाहिली आणि नाव घातलं.

पुढचे काही महिने माझे वाईट गेले. माझं वजन भाऊजींइतकंच आहे, हा शोध ताईनेच लावला. मी आपला चहा प्यायला म्हणून जायचो आणि गादीवर पडून परतायचो. भाऊजी खुर्चीतून बघत बसायचे आणि खोल आवाजात म्हणायचे, "आज बरा पडला." ताईने भाऊजींसाठी घरात घालायचे सदरे शिवले, पडद्याच्या जाड कापडाचे, बाह्यांना दुहेरी शिवण. हिरव्या वेलबुट्टीच्या सदऱ्यात भाऊजी खिडकीपाशी उभे राहिले की एकदम नजरेत भरत नसत.

मग भाऊजींची पाळी आली. ताईने बाही धरली, कंबर वळवली, भाऊजी अलगद खाली यायला लागले. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. एवढ्यात भाऊजींचा थरथरता हात ताईच्या पाठीला लागला. थप थप थप. ताईने त्याच क्षणी सोडलं.

भाऊजी धप्पकन गादीवर आदळले. पडल्यापडल्याच म्हणाले, "मी काही म्हणालो नव्हतो."

ताई हसली नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि आतून नळ सोडला. मला तिचा फार कळवळा आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नियम बदलून दिला. थोपटणं मोजायचंच नाही. सुटायचं असेल तर भाऊजींनी तोंडाने 'सोड' म्हणायचं. म्हणाले नाहीत, तर बाही सोडायची नाही.

एका रविवारी भाची जेवायला आली. तिने एक शुश्रूषागृह बघून ठेवलं होतं. खोलीला मोठी खिडकी आहे, असं ती मीठ मागावं तितक्या सहजपणे म्हणाली. भाऊजी हात धुवायला उठले. टेबल आणि भिंतीच्या मधे त्यांचे पाय चिकटले, आणि ते पुढे झुकले.

माझ्या तोंडात घास होता. ताईची खुर्ची मात्र रिकामी झालेली. तिने बाही धरली, कंबर त्यांच्या अंगाखाली घातली, आणि भाऊजींबरोबर स्वतःही खाली गेली, कापडाचा जड तागा खांद्यावरून उतरवावा तशी. काहीही आपटल्याचा आवाज झाला नाही. दोघं फरशीवर होती, भाऊजींचं डोकं ताईच्या दंडावर. त्यांचा हात तिच्या पाठीवर थापा मारत होता. ताईने बाही सोडली नाही.

भाची घाबरून खाली बसली. "आई, सोड. मी धरते."

"त्यांना म्हणू दे," ताई म्हणाली.

आम्ही थांबलो. भाऊजींनी आधी ताईकडे पाहिलं, मग लेकीकडे. घसा साफ केला.

"ती दुसरी बाही रिकामी आहे," ते म्हणाले.

भाचीने ती घट्ट धरली. खिडकीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.