छपराला टांगलेला घुमट

इतवारीतल्या नत्थूजी सुताराला छपरं बघायची खोड होती. लग्नाला गेला तरी नवरदेवाच्या आधी त्याची नजर वर जायची, तुळई कुठं टेकली, वासे कसे बसवले ते बघायला. वाचता त्याला जेमतेम येई, पण सागवानाचा तुकडा हातात घेतला की तो किती वाळलाय हे बिनचूक सांगायचा.

१९४१ च्या उन्हाळ्यात त्यानं सीताबर्डीवरच्या दातांच्या डॉक्टर एस्तेरबाईंना औषधांचं कपाट करून दिलं. बाई पोलंडच्या, धर्मानं ज्यू, लढाई पेटायच्या वर्षभर आधी नागपुरात आलेल्या. बाजारात वावरून बोलीपुरती मराठी शिकल्या होत्या. कपाट बघून झाल्यावर त्यांनी पर्समधून एक फोटो काढला.

"हे आमच्या गावचं सिनेगॉग. प्रार्थनेचं घर. तीनशे वर्षांचं, सगळं लाकडाचं. मला असंच, पण लहान करून द्याल?"

ओंडक्यांच्या भिंती आणि त्यांवर एकावर एक तीन छपरं. नत्थूजीनं फोटो उजेडात धरला. "छप्पर एवढं उतरतं काहून?"

"बर्फ पडतो. साचून चालत नाही."

आतला फोटो नव्हताच. मग दर रविवारी दुपारी बाई त्याच्या कारखान्यात येऊन स्टुलावर बसायच्या आणि आठवेल तसं सांगायच्या. दार ठेंगणं, आत गेलं की पायऱ्या उतरायच्या. जमीन मुद्दाम खोल ठेवलेली, देवाला हाक खालून मारायची म्हणून. बायकांना बसायला वर जाळीचा सज्जा. लहानपणी त्या वडिलांचं बोट धरून खाली बसत, मोठ्या झाल्यावर वर.

नत्थूजीनं आतला ओटा देवळातल्यासारखा मागच्या भिंतीला लावला होता. बाई म्हणाल्या, "नाही, तो मधोमध. चार खांबांच्या आत."

"अन् देव कुठं बसवता?"

"बसवत नाही. पूर्वेच्या भिंतीत कपाट असतं, त्यात पोथीची गुंडाळी. ती ओट्यावर आणून वाचतात."

नत्थूजीनं विडी कानामागे खोचली. मग त्यानं ओटा उपटला. "वाचणारा मधात, आयकणारे भवताल. बराबर हाय."

अडलं ते घुमटापाशी. आत लाकडी घुमट होता, त्यावर हरणं, बगळे, द्राक्षांचे वेल रंगवलेले. बाहेरून मात्र तो दिसतच नव्हता. तीनदा त्यानं घुमट भिंतींवर ठेवला, तीनदा भिंती फाकल्या. दोन महिने असेच गेले.

त्याची बायको तारा वैतागली. "अवो, त्या खेळण्यापायी गिऱ्हाइकं वापस जाऊन राहिले."

"खेळणं नाही वं ते," एवढंच तो म्हणाला.

एका सकाळी तारा वाशाला नवं शिंकं बांधत होती. दह्याचं मडकं शिंक्यात डोललं आणि नत्थूजी हातातला चहा तसाच ठेवून सीताबर्डीकडे निघाला. दवाखान्यात माणसं बसलेली असताना दारातूनच ओरडला, "बाई, घुमट भिंतीवर नाहीच! छपराले टांगला हाय!"

बाई हातातल्या चिमट्यासकट दारापाशी आल्या. "इतकी वर्षं मी त्याखाली बसले," त्या म्हणाल्या, "मला कधी सुचलंच नाही."

पुढच्या वर्षी रेडक्रॉसकडून चिठ्ठी आली. लढाईच्या पहिल्या महिन्यातच सिनेगॉग जाळलं होतं. गावातल्या माणसांविषयी चिठ्ठीत काहीच नव्हतं. बाईंनी निरोप धाडला, काम थांबवा. निरोप मिळताच नत्थूजी स्वतः गेला.

"आता कशाला हवंय ते?" बाईंनी विचारलं.

"छप्पर अर्धं उघडं टाकून मले दुसरं काम सुधरत नाही, बाई. रंग कोणते होते ते तुम्हालेच ठाऊक."

तीन रविवार स्टूल रिकामं राहिलं. चौथ्या रविवारी बाई आल्या आणि म्हणाल्या, "हरणं तांबडी होती."

काम ४३ साली संपलं. ४६ मध्ये बाई बहिणीकडे लंडनला जायला निघाल्या, तेव्हा नत्थूजीनं ते सगळं खोललं. खिळा एकही नव्हता. प्रत्येक तुकड्यावर त्यानं पेन्सिलीनं मराठी आकडा टाकला आणि अंगणात बाईंकडून तीनदा जोडून घेतलं. चौथ्यांदा त्यांनी एकटीनं जोडलं. तो लांब बसून बघत होता.

वर्षभरानं पत्र आलं. शाळेतल्या केशव मास्तरांनी वाचून दाखवलं. बाईंनी तिथं सगळं उभं केलं होतं. दूरदूरचे लोक येत, बाई वरची छपरं उचलत आणि घुमट कसा टांगलाय ते दाखवत. काही म्हातारी माणसं नुसतीच उभी राहत. बाईंच्या गावचं मात्र अजून कोणी आलं नव्हतं.

नत्थूजीनं पत्र पुन्हा वाचायला लावलं. डोळे पुसले आणि म्हणाला, "मास्तर, तिकडं ओल फार, लाकूड फुगन. बाईले लिहा, सांधे घट्ट झाले तर ठोकू नका म्हणा. वाळू द्या."