दांडा बसेपर्यंत

वडिलांना मी मीरा रोडला आमच्याकडे आणलं, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन लेंगे, बीपीच्या गोळ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कुऱ्हाडीचं पातं होतं. नुसतं पातं. दांडा वाळवीने खाल्ला होता. विहिरीपाशी पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं आणि गावच्या घरात ते एकटेच असतात, म्हणून मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. असल्या गडबडीत माणूस कुऱ्हाड आठवणीने कशी घेतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

प्लास्टर निघालं आणि त्यांनी परत जायचा धोशा लावला. मुलीच्या घरी किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील. कुठले लोक? आमच्या सिल्व्हर पार्क सोसायटीत शेजारच्या दारामागे कोण राहतं हे मला माहीत नाही, तिथे यांना कोण काय म्हणणार? पण ऐकतील तर शपथ. एका सकाळी चहा गाळता गाळता मी वैतागून म्हणाले, "त्या कुऱ्हाडीला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दाखवा, लाकडं फोडता येतील असा. मग जा खुशाल." त्यांच्या मनगटात अजून पोळीचा तुकडा मोडण्यापुरताच जोर होता. मला वाटलं, विषय मिटला.

बाबा म्हणाले, "ठरलं."

मग माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, "अंकल, फायबरवाला ले जाओ, टूटेगाच नहीं." बाबांनी तो हातात घेतला आणि किडकं वांगं परत द्यावं तसा परत दिला. लाकडी दांडेही नापसंत. ओले आहेत म्हणे, सुकले की आत ढिले पडतील. शेवटी रविवारी रिक्षा करून आम्ही शहराबाहेर चेणे गावात गेलो. एका घरामागे बाभळीची लाकडं रचलेली दिसली, तशी यांनी रिक्षा थांबवली. घरातली बाई म्हणाली, "हाय ना, घ्या की. चांगली सुकलेली हाय." बाबा एकेक काठी डोळ्यासमोर आडवी धरून ती सरळ आहे का ते बघत राहिले. रिक्षावाला माझ्याकडे बघत होता आणि मी दुसरीकडे.

त्यानंतर आमची गॅलरी गेली ती गेलीच. डाव्या हाताने कानस घासायची, मग फुटक्या काचेने खरवडून गुळगुळीत करायचं. भुसा कुंड्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांत, एकदा तर वरणात. माझा नवरा सहज म्हणाला, "बाबा, एक खिळा ठोकून टाका ना," तर ते त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत. दांडा पात्याच्या भोकात घालायचा, बाहेर काढायचा, जिथे घासल्याची काळी खूण दिसेल तिथे पुन्हा तासायचं. जरा बसला की पातं वरच्या बाजूला ठेवून दांड्याचं बूड जमिनीवर आपटायचं, म्हणजे पातं आपल्याच वजनाने खाली सरकतं. ही जमीन म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाईंचं छप्पर. त्या वर आल्या. "भाभी, सुबह से क्या तोड़ रहे हो?" मी माफी मागितली. बाबांनी मागितली नाही, ते कुऱ्हाड घेऊन सरळ खाली कंपाउंडमध्ये गेले. थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला आणि खाली प्रश्न, 'ये अंकल कौन से विंग के हैं?' ऑफिसात बसून मी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

शेवटी राहिली पाचर. दांड्याच्या टोकाला करवतीने चीर पाडली होती, तिच्यात सुक्या लाकडाची पाचर ठोकायची. ती पुरी आत गेली की दांडा भोकात फुलतो आणि पातं धरून ठेवतो. अर्धवट राहिली तर एखाद्या घावाला पातं निसटून कुणाच्या तरी अंगावर येतं. बाबांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की मला पाठ झालं होतं.

हातोडा त्यांच्या उजव्या हातातून निसटला. डाव्याने मारला तर पाचर वाकडी झाली. त्यांनी दुसरी तासली, ती मोडली. मग तिसरी तासून ते नुसते बसून राहिले. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला, आणि कुणाचा ते कळेना.

"तू मार," ते म्हणाले.

"मी कशाला मारू?"

"वाकडी बसली तर सगळं फुकट जाईल. मी धरतो."

मी मारलं. चांगलं जोर लावून मारलं. पाचर पुरी आत गेली. बाबांनी पातं हलवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

"स्वतःच्या हाताने, असं तू म्हणाली होतीस," ते म्हणाले. "शेवटी हात तुझा लागला. राहतो मी."

मी जिंकले होते, आणि तरी मी त्यांच्यावर तुटून पडले. लाकूड कुणी निवडलं? तासलं कुणी? दोन-चार ठोके मारले तर दांडा माझा झाला का? मनगट पुरतं बरं झालं की जायचं म्हणजे जायचं, उगाच नसता मानभावीपणा नको. मी माझ्याच विरुद्ध भांडत होते आणि आवाज चढतच होता. बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि मिशीत हसत होते.

पुढे मनगट बरं झाल्यावर मी त्यांना गावच्या एसटीत बसवायला गेले, तेव्हा बोरिवलीच्या डेपोत कंडक्टरने गोणपाटातल्या लांबोड्या पुडक्याकडे बोट दाखवलं. "यात काय आहे, आजोबा?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "कुऱ्हाड आहे. हे लाकडं फोडतात."