न उघडणारी रक्तदात्यांची यादी
जुन्या संगणकाचं झाकण काढलं की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला नवीन पनवेलच्या घरातली ती दुपार आठवते. घरच्याच संगणकावरून मी एक वेबसाइट चालवायचे. तिथे रक्तगट टाकला की जवळपासच्या रक्तदात्यांचे नंबर यायचे. आदल्याच दिवशी ती मी नव्या संगणकावर हलवली होती आणि तपासली मात्र नव्हती. शेजारचे दादा धापा टाकत दारात आले. "अगं, हिचं ऑपरेशन आहे, ओ निगेटिव्ह हवंय, आणि तुझं पान उघडत नाहीये!" मी लगेच संगणकासमोर बसले. संगणकाने ठेवलेल्या चुकांच्या नोंदी पाहिल्या, तर पान चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुन्याच संगणकाचा पत्ता होता. तो बदलला, तरी पान उघडेना. "दुसरीकडे बघू का?" दादांनी विचारलं. "बसा दादा, होतंय," मी म्हणाले, आणि मला खात्रीही होती, कारण खरी चूक आता सापडली होती. फाइल जुन्या संगणकाच्या विंडोजवरून आणताना ओळींच्या शेवटी न दिसणारी अक्षरं चिकटली होती आणि नव्या संगणकाला ती चालत नव्हती. ती काढून ओ निगेटिव्ह टाकताच तीन नावं आली. पहिला फोन कळंबोलीच्या एका ट्रकचालकाने उचलला. "माझा हाय तो गट. कुठं येऊ?" वहिनी आठवड्याने घरी आल्या. यादी अजून माझ्याच घरून चालते; ए पॉझिटिव्ह टाकलं की पहिलं नाव दादांचं येतं.