बर्फावर ठरलेला सौदा

नोरीन टायर्नीला कुणी विचारलं, बाई, तुम्ही नेमकं करता काय, तर ती म्हणायची, "लग्नं जुळवते. नवरा परदेशातला, नवरी इथली, दोन्ही कंपन्या. प्रेमाचा पत्ता नाही, देण्याघेण्यावरून भांडण मात्र अस्सल."

मॅनहॅटनमधल्या हॅले अँड ग्रिसवोल्ड या सल्लागार कचेरीत तिचे केस पांढरे झाले, मग तिनं ते रंगवले, मग कंटाळून रंगवायचेही सोडले. कंपनीची किंमत काढायची, गिऱ्हाईक गाठायचं, दोघांना झेपेल अशा अटी बसवायच्या. सौदा पुरा झाला की त्या धंद्यात पारदर्शक प्लास्टिकचा एकेक ठोकळा वाटतात, आत विकलेल्या मालाची चिमुकली प्रतिकृती. नोरीनच्या फळीवर ट्रॅक्टर होता, टूथब्रश होता, एक शवपेटीसुद्धा होती. नव्हती ती भागीदारी. ती जायची कचेरीचा मालक प्रेस्टन हॅले याच्याबरोबर गोल्फ खेळणाऱ्या बाप्यांना.

या खेपेला मात्र प्रेस्टन स्वतःच म्हणाला, "हा सौदा जुळव, नोरीन. पुढच्या वर्षी दारावर तुझं नाव."

हा सौदा म्हणजे कॅझ पिलार्स्की. सरोवराकाठच्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये त्याचा कारखाना. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांना पुढे जे पोलादी पातं असतं, ते हा म्हातारा बनवायचा. भावंडं केव्हाच फ्लोरिडात ऊन खायला गेलेली. कारखान्यात पाऊल नाही, पण हिस्सा हवा, तोही रोख. कारखाना विकत घ्यायला तयार होता फिनलंडचा उद्योगपती लेहतोला.

कॅझ म्हणे सहा कोटी डॉलर. लेहतोला म्हणे चार. "गेले दोन हिवाळे बर्फ भरमसाट पडला, म्हणून तुमचा नफा फुगलाय," तो म्हणाला. "दर वर्षी थोडाच पडणार?"

"पडणार नाही? बफेलोत?" कॅझ खुर्चीतून उठलाच. "अहो, आमच्याकडे पोरं जन्मतात ती फावडं घेऊन!"

मधले दोन कोटी अडले. असं अडलं की या धंद्यात ठरलेला उतारा असतो: उरलेली रक्कम पुढच्या नफ्यातून द्यायची. प्रेस्टन तेच म्हणत होता. पण नोरीननं हा उतारा इतक्यांना पाजला होता की परिणाम तिला तोंडपाठ होता. नवा मालक मुख्य कचेरीचा खर्च, साहेबांचं विमान, जमलं तर सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीचं, लाकूडही त्याच कारखान्याच्या माथी मारतो. नफा राहतो शून्य, आणि विकणारा बसतो बोंबलत. त्या शवपेटीवाल्याचं असंच झालं होतं. तो अजून नाताळाला तिला शिव्यांचं कार्ड पाठवतो.

म्हणून तिनं नवीनच टूम काढली. "नफा लपवता येतो," ती म्हणाली, "बर्फ नाही लपवता येत. चार कोटी आत्ता, ते भावंडांना. दुसऱ्या नाताळापर्यंत सरासरीहून जास्त बर्फ पडला, तर आणखी दोन कोटी, ते कॅझचे. नाही पडला, तर काही नाही."

लेहतोला हसला. कॅझही हसला. समोरचा मूर्ख आहे याची दोघांनाही खात्री होती, आणि सौदा जुळायला याहून चांगला मुहूर्त नसतो.

"पण मोजायचा कुठं?" कॅझनं विचारलं. "माझ्या अंगणात मोजा."

"सरकारी मोजणीशिवाय मी सही करणार नाही," लेहतोला म्हणाला. "विमानतळावर मोजतात, तो आकडा धरू."

"विमानतळ पडला उत्तरेला! आमच्याकडे सरोवरावरून बर्फाचा पट्टा येतो, बाई. इकडे माणूस गाडला जातो आणि पलीकडे बायका कपडे वाळत घालतात!"

नोरीनलाही घाई झाली होती. दारावरचं नाव डोळ्यांपुढे नाचत होतं. "मिस्टर पिलार्स्की, एखादं वादळ असं जाईल, मान्य. पण दुसऱ्या नाताळापर्यंत सगळं सारखं होतं. मी आकडे बघितलेत. माझ्यावर विश्वास ठेवा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "ठेवतो. तू निदान तोंडावर बोलतेस," म्हणाला आणि सही केली.

प्रेस्टननं फी पुऱ्या सहा कोटींवर आणि त्याच दिवशी वसूल केली.

पहिला हिवाळा कोरडाच गेला. मॅनहॅटनमध्ये दोन इंच बर्फ पडला तरी महापौराच्या नावानं बोटं मोडणारी नोरीन आता सकाळी उठल्या उठल्या बफेलोचं हवामान बघू लागली. तिच्या बहिणीनं विचारलंसुद्धा, "अगं, तिकडे कुणी भेटलाय की काय?"

"हो. पंचाहत्तरीचा आहे," नोरीन म्हणाली.

दुसऱ्या वर्षी नाताळाच्या तोंडावर सरोवर एकदाचं खवळलं. बर्फ कोसळला तो असा की ऑर्चर्ड पार्कमध्ये दारं उघडेनात, गाड्या दिसेनात, लोक खिडकीतून ये-जा करायला लागले. आजूबाजूची सगळी गावं पात्यांसाठी कारखान्याच्या दारात उभी राहिली. लेहतोलानं एका आठवड्यात वर्षभराचा नफा केला. नोरीन कचेरीत ओरडली, "जिंकला म्हातारा!"

मग तिनं विमानतळाचा आकडा बघितला. बोटभर बर्फ. पट्टा दक्षिणेवर ठाण मांडून बसला होता, आणि नाताळ उजाडला तरी हलला नाही.

तिनं हेलसिंकीला फोन लावला, चक्क गयावया केली. लेहतोला सभ्य माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, कलम तुम्हीच लिहिलंय," तो म्हणाला. "फार स्वच्छ लिहिलंय."

नफ्यावर ठेवलं असतं, तर साहेबांचं विमान वजा जाऊनही कॅझला पैसे मिळाले असते. हे नोरीनला कागद न घेताच कळलं.

प्रेस्टनला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "बर्फाची अट! सगळ्या न्यूयॉर्कमध्ये चर्चा आहे, नोरीन. लेहतोला पुढची खरेदी आपल्याकडूनच करणार. नावाची पाटी टाकली करायला."

"कॅझचं काय?"

"कोण कॅझ?"

रस्ते उघडले तशी ती विमानानं बफेलोला गेली आणि भाड्याच्या गाडीनं ऑर्चर्ड पार्कला. वाटेत तिनं माफीची तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही विसरली. कॅझ दारापुढे कमरेएवढ्या बर्फात उभा होता, नाक लाल, धापा टाकत. तिला बघून तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मिस्टर पिलार्स्की, चूक माझी आहे. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुमचं सगळं गेलं माझ्यामुळे."

तो गॅरेजमध्ये गेला, आणखी एक फावडं घेऊन आला आणि ते तिच्या हातात दिलं.

"हा बर्फ सरकारी नाही," तो म्हणाला, "पण उपसावा लागतोच. त्या बाजूनं सुरू कर."