रुचाचं कवच

इतवारीच्या बाजारात लोखंडी कढई घेतली आणि तळहाताला लागलेल्या वासाने मला थेट कॉलेजच्या कँटीनमध्ये नेलं. तिथे आम्ही फासे टाकून राक्षस-जादूगारांचा खेळ खेळायचो. गोष्ट समीर रचायचा. मी रानातली जोगीण होते. एकदा गुहेत लोखंडी कवच सापडलं, ते मी मागितलं.

"रानातल्या जोगिणीले लोखंड शोभत नाही वं. नियमच आहे तसा," समीर म्हणाला. मी कवच गुहेतच सोडलं.

पुढच्या आठवड्यात रुचा खेळायला आली. तीही जोगीणच झाली, आणि तिनेही तेच कवच मागितलं.

"घाल ना! तुले काहून अडवू?" समीर लगेच म्हणाला.

कवच म्हणजे पात्राचं सामान लिहायच्या कागदावरचा एक शब्द, हे आज कळतं. पण रुचाच्या कागदावर तो समीरने स्वतः लिहून दिला होता. अक्षरही काय कोरून काढलं होतं मेल्याने!