रेवदंड्यातलं एक मिनिट
परवा कपाट आवरताना जुनं स्टॉपवॉच सापडलं, सहज चावी दिली आणि त्याच्या टिकटिकीने रेवदंड्याचं ते मिनिट आठवलं. साठच्या दशकात मी मुंबईच्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे संशोधन-मदतनीस होते. स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायला आम्ही रेवदंड्याला गेलो होतो. शाळेच्या ओट्यावर बसून मी एकेका गावकऱ्याला बारा शब्द वाचून दाखवायची आणि त्याने ते एका मिनिटात परत सांगायचे. त्या मिनिटात मी चकार शब्द काढायचा नाही, असा सरांचा दंडक होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन वारा येत होता, कागद सारखे फडफडत होते. गुरुजींनी बोलावलं म्हणून एक कोळीण येऊन बसली, पण तिची नजर खाडीच्या तोंडाकडे. तीन शब्द सांगून ती थांबली. "बाय, तीन दिस झाले, माझ्या घोवाची होडी आली न्हाय. मना काय आठवल?" घड्याळ चालू होतं. मी मान खाली घालून काट्याकडे बघत राहिले. मिनिट संपलं, मी 'तीन' लिहिलं आणि ती उठून किनाऱ्याकडे धावली. "सर, हिचा कागद काढून टाकू?" मी विचारलं. "का? मोजण्यात चूक झाली?" "नाही." मग तो राहिलाच. दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. होडी आली का, हे विचारायला किनाऱ्यावर जायचं धैर्य मला झालं नाही. आता वाटतं, सर रागावले असते तर रागावले असते. मी तिचा हात धरायला हवा होता.